बारा तासांचं सोवळं

सप्टेंबर संपत आला की दक्षिण जर्मनीतल्या गवती धावपट्ट्यांवर अचानक गर्दी होते. उन्हाळाभर ज्यांचं तोंडही दिसलं नाही अशी माणसं लॉगबुक काखोटीला मारून क्लबात हजर होतात. त्यांना कुठे जायचं नसतं, नुसतं गोल फिरायचं असतं. टेक-ऑफ, डावीकडे वळण, पुन्हा डावीकडे, लँडिंग, आणि न थांबता परत टेक-ऑफ. खाली गावातले लोक वैतागतात. इकडे क्लबचं बुकिंग कॅलेंडर आठवडाभर आधीच भरून जातं. या मंडळींच्या रेटिंगची तारीख हिवाळ्यात संपणार असते, जर्मन हिवाळ्यातलं धुकं कधी उठेल याचा भरवसा नसतो, आणि बारा तास भरायचे राहिलेले असतात.

मी गेली सात वर्षं अशाच एका क्लबात हौस म्हणून छोटी विमानं उडवते. माझ्याकडे दोन रेटिंग्ज आहेत आणि दर दोन वर्षांनी मलाही या चक्रातून जावं लागतं. माझे तास आरामात भरतात, त्यामुळे हे पोटदुखीतून लिहीत नाहीये. पण हे बारा तास ज्या पद्धतीने मोजले जातात, त्या पद्धतीने ते सुरक्षेचं सोंग आहे असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जिथे कडक असायला हवं तिथे हा नियम ढिला आहे, आणि जिथे जरा माणुसकी दाखवायला हवी तिथे तो एक दिवससुद्धा सोडत नाही.

आधी लायसन्स आणि रेटिंग यांतला फरक सांगते, कारण पुण्यातल्या मित्रमंडळींनाही तो दर वेळी नव्याने समजावावा लागतो. युरोपात प्रायव्हेट पायलट लायसन्स, म्हणजे पीपीएल, एकदा मिळालं की आयुष्यभराचं. ते संपत नाही. संपतं ते रेटिंग. कोणत्या वर्गातलं विमान तुम्ही उडवू शकता त्याची ती नोंद असते. माझं एक रेटिंग आहे एसईपीचं, म्हणजे एका पिस्टन इंजिनाची साधी विमानं. सेस्ना १७२ हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं. दुसरं टीएमजीचं, म्हणजे मोटर ग्लायडर. लांब पंखांचं, हलकं, इंजिन असलेलं पण इंजिन बंद करूनही छान तरंगणारं यंत्र. आमच्या क्लबात आहे ते शायबे कंपनीचं एसएफ-२५, लाडाने फाल्के. हे विमान १९६३ साली पहिल्यांदा उडालं आणि आजही जर्मनीतल्या कुठल्याही क्लबच्या हँगरमध्ये डोकावलंत तर एखादं तरी दिसेल. (पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा १९२० पासून ही मंडळी वासरकुप्पेच्या डोंगरावरून बिनइंजिनाची उडायला लागली. ग्लायडरचं वेड तिथून आहे, ते अजून उतरलेलं नाही.)

दोन्ही रेटिंग्ज दोन दोन वर्षांची. ती चालू ठेवायचे मार्ग दोन. एक, शेवटच्या तीन महिन्यांत एक्झामिनरसोबत परीक्षा द्या. दोन, मुदतीच्या शेवटच्या बारा महिन्यांत बारा तास उडा, त्यांतले सहा पायलट-इन-कमांड म्हणून, बारा टेक-ऑफ, बारा लँडिंग, आणि एक तास इन्स्ट्रक्टरसोबत उजळणी. हे झालं की सही मिळते. बहुतेक सगळे दुसराच मार्ग धरतात.

आता यातली गंमत बघा. ज्याच्याकडे एसईपी आणि टीएमजी दोन्ही आहेत, त्याने हे बारा तास कुठल्याही एका वर्गात भरले किंवा दोन्हींत मिळून भरले तरी चालतं. दोन्ही रेटिंग्ज पुढची दोन वर्षं चालू. म्हणजे दोन वर्षांत सेस्नाच्या दाराला हात न लावलेल्या माणसाच्या कागदावरही सेस्नाचं रेटिंग ताजं, करकरीत.

असं कोण करेल, असं वाटेल तुम्हाला. सगळेच करतात, कारण साधा हिशेब आहे. सेस्ना तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल पिते. रोटॅक्स इंजिनाची फाल्के पंधराच्या आसपास. तास भरायचेच आहेत तर ते स्वस्तात का भरू नयेत? क्लबातली तरुण मुलं, ज्यांचा अर्धा पगार भाड्यात जातो, ती तर फाल्केलाच चिकटून असतात. त्यांना मी बोल लावत नाही. नियमाने ज्याची किंमत ठरवली आहे तेच माणूस विकत घेतो. नियम म्हणतो तास आणा, लोक तास आणतात.

पण ही दोन यंत्रं सारखी नाहीत. फाल्के कागदावर एक मीटर उंची गमावून वीस मीटरहून जास्त पुढे जाते. सेस्ना साधारण नऊ. समजा तीनशे मीटर उंचीवर इंजिन गेलं आणि वारा नाही. फाल्केच्या पायलटकडे सहा किलोमीटर आहेत. त्याला निवांत शेत निवडता येतं, कदाचित धावपट्टीवर परतताही येतं. सेस्नावाल्याकडे पावणेतीन किलोमीटरसुद्धा पुरते नाहीत, कारण त्यांतले काही सेकंद 'हे खरंच घडतंय का' यात जातात. उंची जास्त वाटली तर फाल्केत एअरब्रेकचा दांडा ओढला की विमान शहाण्यासारखं खाली येतं, सोडला की पुन्हा तरंगतं. सेस्नात फ्लॅप्स आहेत, पण तो वेगळा खेळ आहे, आणि ऐन वेळी मागे घेतले तर विमान खाली बसतं. दोन्हीकडे डोळ्याला वेगळी सवय लागते. आमचे एक ज्येष्ठ इन्स्ट्रक्टर म्हणतात की फाल्केवरून आलेला माणूस सेस्नात शेत नेहमी लांबचं निवडतो. त्याचं डोकं म्हणतं पोचू, विमान म्हणतं नाही.

हे विमानातला प्रत्येक माणूस जाणतो. नियम मात्र दोन्ही वर्गांचे तास एकाच टोपलीत टाकतो.

यावर मला लगेच नव्वद दिवसांचा नियम दाखवला जातो. प्रवासी न्यायचे असतील तर मागच्या नव्वद दिवसांत त्याच वर्गातल्या किंवा प्रकारच्या विमानात तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग झालेली असली पाहिजेत. बरोबर आहे, तसा नियम आहे. म्हणजे दीड वर्ष सेस्ना न उडवलेला माणूस शनिवारी सकाळी एकटा वर जातो, तीन चकरा मारतो, अर्ध्या तासात खाली येतो आणि दुपारी तिघांना घेऊन निघतो. शांत हवेत, चालू इंजिनाने, ओळखीच्या धावपट्टीवर तीन लँडिंग. एवढ्यात नेमकं काय सिद्ध झालं?

माझ्या विमानात बसणारे बहुतेक लोक इथल्या मराठी मंडळातले. गणपतीत ओळख होते, पोरं मागे लागतात, "मावशी, आम्हाला कधी नेणार?" त्यांचे आईबाप मला एकच प्रश्न विचारतात, "तुझं लायसन्स चालू आहे ना गं?" मी हो म्हणते आणि ते निर्धास्त होतात. माझ्या त्या 'हो'चा अर्थ किती थोडा आहे हे त्यांना माहीत नसतं. आजवर एकाच व्यक्तीने नेमका प्रश्न विचारला. मैत्रिणीची आई कराडहून तीन महिन्यांसाठी आली होती. सेस्नाच्या पंखाखाली उभं राहून तिने विचारलं, "बाळा, हेच विमान तू याआधी कधी उडवलंस?" कागद तपासणाऱ्या कुणालाही हा प्रश्न विचारायची गरज पडत नाही.

आता नियमाची दुसरी बाजू. क्लबातल्या एका मैत्रिणीची मुदत ऑगस्टअखेरची होती. पहिल्या वर्षात ती अठ्ठेचाळीस तास उडाली, थेट उत्तर समुद्राच्या बेटांपर्यंत जाऊन आली. दुसऱ्या वर्षी ती गरोदर राहिली. युरोपीय नियमांनुसार गरोदर पायलटला वैद्यकीय तपासणीनंतर सव्विसाव्या आठवड्याच्या अखेरपर्यंत उडता येतं. ती काही काळ उडाली, मग थांबली, मग बाळ आलं. दुसऱ्या वर्षाचे तास झाले सहा. पहिल्या वर्षाचे अठ्ठेचाळीस मोजायचेच नाहीत, कारण ते 'शेवटच्या बारा महिन्यांत' नाहीत. तान्ह्या बाळाला घेऊन तीन महिन्यांच्या खिडकीत एक्झामिनरची तारीख मिळवणं तिला जमलं नाही. रेटिंग गेलं. पहिल्या दिवशी काय आणि दोनशेव्या दिवशी काय, गेलेलं रेटिंग परत मिळवायचं तर परीक्षाच द्यावी लागते, आणि त्याआधी प्रशिक्षण संस्था सांगेल तेवढं शिक्षण. परीक्षेच्या तयारीचे तास, एक्झामिनरची फी, विमानाचं भाडं, आणि पुन्हा दोन वेळा हवा बिघडली म्हणून रद्द.

त्याच महिन्यात दुसऱ्या एका सदस्याची मुदत होती. पहिलं वर्ष शून्य तास. दुसऱ्या वर्षी सलग दोन मोठ्या सुट्ट्यांत फाल्केवर बारा तास, बहुतेक आमच्याच धावपट्टीभोवती. त्याला सही मिळाली. दोन्ही रेटिंग्ज. पुढच्या रविवारी तो बायको आणि सासूसासऱ्यांना घेऊन सेस्नात बसला. एकही नियम मोडलेला नव्हता.

महाराष्ट्रात गाडीचं लायसन्स संपलं तर आपल्याला वर्षभराची सवड असते. त्या वर्षात गाडी चालवता येत नाही, पण परीक्षेशिवाय नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं तरच आरटीओत पुन्हा परीक्षा. विमानाला एवढी सूट द्या असं मी मुळीच म्हणत नाही. पण एका मध्यरात्री कौशल्य असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नसतं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? हे सोवळ्यासारखं आहे. शिवलं की गेलं. आत माणूस तोच.

आणि याहून चांगला नियम युरोपच्या याच नियमावलीत, पीपीएलच्या शेजारच्या पानावर पडला आहे. एलएपीएल नावाचं हलक्या विमानांचं लायसन्स असतं. दोन हजार किलोपर्यंतची विमानं, पायलट धरून चार माणसं. म्हणजे आमची सेस्ना आरामात. त्यात रेटिंगवर तारीखच नसते. तुम्ही ज्या दिवशी उडणार, त्या दिवसापासून मागच्या दोन वर्षांत बारा तास, बारा टेक-ऑफ आणि लँडिंग, एक तास इन्स्ट्रक्टरसोबत. एवढं असेल तर उडा. नसेल तर इन्स्ट्रक्टरसोबत किंवा त्याच्या देखरेखीखाली राहिलेलं पूर्ण करा, मग उडा. ग्लायडरच्या लायसन्सलाही असाच मागे सरकत जाणारा हिशेब आहे, आणि त्यात विंचने उडायचं की विमानाने ओढत न्यायचं, त्या प्रत्येक पद्धतीची पाच-पाच उड्डाणं वेगळी मोजतात. नियम बनवणाऱ्यांना वेगवेगळ्या कौशल्यांची वेगवेगळी उजळणी समजते, हाच याचा पुरावा. माझ्या मैत्रिणीकडे पीपीएलऐवजी खालचं लायसन्स असतं तर बाळंतपणानंतर ती सरळ इन्स्ट्रक्टरला घेऊन वर गेली असती. वरचं लायसन्स घेतलं हा तिचा गुन्हा.

तसंही आमच्याकडे घड्याळं काही कमी नाहीत. मेडिकल चाळिशीच्या आत पाच वर्षांचं, मग दोन वर्षांचं, पन्नाशीनंतर दरवर्षी. रेडिओवरच्या इंग्रजीची पातळी चौथी असेल तर चार वर्षांनी पुन्हा तोंडी परीक्षा, पाचवी असेल तर सहा वर्षांनी. वर जर्मनीत दर पाच वर्षांनी पोलिसी छाननी. ती का, तर २००३ च्या जानेवारीत एका माणसाने चोरलेलं मोटर ग्लायडर घेऊन फ्रँकफर्टच्या उंच इमारतींभोवती घिरट्या घातल्या. तो शेवटी सुखरूप उतरला, पण २००५ साली नवा कायदा आला आणि हौशी पायलटही त्यात अडकले. माझ्या छाननीच्या वेळी इथल्या कचेरीने भारतातले जुने पत्ते मागितले, कॉलेजच्या हॉस्टेलसकट. या सगळ्या तारखा मी फोनमध्ये टाकून ठेवल्या आहेत. यांपैकी एकही तारीख मला आडव्या वाऱ्यात सेस्ना उतरवता येते का हे विचारत नाही.

माझ्या या मतावर क्लबात दोन उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर जुन्या लोकांचं: अनुभवाला पर्याय नाही. खरं आहे, पण अनुभव म्हणजे काय? एकाच तासाची बारा वेळा केलेली नक्कल अनुभव म्हणून खपवायची असेल तर माझी ना आहे. इन्स्ट्रक्टरसोबतचा तो एक तास मात्र खरा अनुभव देऊ शकतो. माझ्या मागच्या उजळणीत सातशे मीटरवर इन्स्ट्रक्टरने न सांगता थ्रॉटल मागे ओढला आणि हाताची घडी घालून बसला. पासष्ट नॉट पकड, कार्ब्युरेटर हीट, वारा कुठून आहे, कापणी झालेलं शेत कुठलं, विजेच्या तारा कुठे. शंभर मीटरपर्यंत खाली नेलं त्याने. मग पुन्हा वर जाऊन तेच, या वेळी वारा पाठीमागून येत असताना. घामाने शर्ट भिजला. त्या तासाने मला जे दिलं ते बारा चकरांनी दिलं नसतं. पण त्या तासात काय करायचं हे बरंचसं इन्स्ट्रक्टरच्या मनावर आहे. ती परीक्षा नाही, त्यात नापास होण्याची सोयच नाही. शेजारच्या विमानतळावर कॉफी प्यायला जाऊन आलं तरी तो तास भरतो, आणि अशा कॉफ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरं उत्तर जास्त चलाखीचं: परीक्षेला एवढं घाबरायचं काय? मैत्रिणीने दिली की परीक्षा, झाली की पास. अगदी मान्य. परीक्षा चांगलीच गोष्ट आहे. मग ती गोल फिरणाऱ्यालाही द्या. परीक्षा जर सुरक्षेसाठी असेल तर ती अठ्ठेचाळीस तास उडालेलीला लागावी आणि दोन वर्षं सेस्नात न बसलेल्याला लागू नये, यात सुरक्षा कुठे आहे? आजच्या रूपात ती तारीख चुकवल्याचा दंड आहे. आणि दंड म्हटला की तो नेहमी त्याच लोकांना बसतो: बाळंतीण, आजारी, नोकरी गेलेला, ज्याचे आईबाप दुसऱ्या खंडात आहेत आणि ज्याला वर्षातले दोन महिने त्यांच्यापाशी काढावे लागतात. आमच्यासारख्या परदेशातून आलेल्यांना हे शेवटचं चांगलं कळतं.

अमेरिकेत तर तास मोजतच नाहीत. तिथे दर चोवीस महिन्यांनी एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत, इन्स्ट्रक्टरसोबत, एवढंच. शिवाय त्यांच्या विमान प्रशासनाचा विंग्ज नावाचा कार्यक्रम आहे. त्यात वर्षभर थोडं थोडं शिकत राहिलात, ठरावीक उड्डाणं इन्स्ट्रक्टरसोबत केलीत तर ते त्या उजळणीच्या जागी धरतात. वेगवेगळ्या वर्गांना एकाच टोपलीत टाकण्याचा दोष त्यांच्याकडेही आहे, उलट आपल्यापेक्षा जास्त. पण शिकत राहणाऱ्याला नियमाने बक्षीस द्यावं, ही कल्पना त्यांची आहे आणि ती उचलण्याजोगी आहे.

मला हवं ते असं. तारीख काढून टाका, मागे सरकणारा हिशेब सगळ्यांना लावा. बारा तासांचे सहा केलेत तरी माझी हरकत नाही. त्याबदल्यात प्रत्येक वर्गात वर्षाला एक तास इन्स्ट्रक्टरसोबत, आणि त्या तासात इंजिन बंद, आडवा वारा, स्टॉल आणि गो-अराउंड या गोष्टी झाल्याच पाहिजेत असं लिहून ठेवा. पैशाचं म्हणाल तर सहा तास वाचले की त्यात सेस्नाचा एक तास सहज बसतो. तरुण मुलांना हे आजच्यापेक्षा महाग पडणार नाही.

युरोपचे नियम माझ्या लेखाने बदलणार नाहीत. पण क्लबची विमानं क्लबची आहेत आणि क्लबला स्वतःचे जास्त कडक नियम करता येतात. पुष्कळ क्लब करतातही. म्हणून गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला: ज्याने सहा महिन्यांत सेस्ना उडवलेली नाही, त्याने प्रवासी नेण्याआधी इन्स्ट्रक्टरसोबत एक उड्डाण करावं, फाल्केवर त्याचे कितीही तास असोत. ठराव चार मतांनी पडला. खजिनदारांनी उभं राहून विचारलं की इन्स्ट्रक्टर फुकट काम करतात, त्यांचे रविवार कोण भरून देणार. प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हिवाळ्यात मी पाचही इन्स्ट्रक्टरांना एकेक करून भेटले. तिघे महिन्यातला एक शनिवार द्यायला तयार आहेत, चौथा म्हणतो त्याच्या हँगरच्या सफाईची पाळी दुसऱ्या कुणी घेतली तर तोही देईल. ती पाळी मी घेतली आहे. सभा मार्चमध्ये आहे.